प्रत्यक्ष मैफलीत मोबाईलपेक्षा निराळे काय मिळते? सवाईच्या शेवटच्या दिवसाच्या आधाराने एक उत्तर

आपण विचारले आहे की अलीकडे प्रत्यक्ष ऐकलेल्या एखाद्या मैफलीचा अनुभव सांगावा, आणि बहुतेक सगळे गाणे मोबाईलवर फुकट मिळत असताना तिकीट काढून, दिवस मोडून तिथे जाण्यात खरोखर काही निराळे हाती लागते का, हेही सांगावे. गेल्या डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी मी दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत भारतीय बैठकीत बसलो होतो. त्या दिवसाच्या आधारानेच लिहितो. कलाकारांची नावे मुद्दाम देत नाही. नावे आली की कोण कोणापेक्षा सरस यावर वाद सुरू होतो, आणि आपला प्रश्न तो नाही.

निव्वळ आवाजाचा विचार केला तर घरी चांगल्या हेडफोनवर अधिक स्वच्छ ऐकू येते, हे आधीच मान्य करतो. हजारो माणसे मावतील अशा कोणत्याही मांडवात गायकाचा आवाज आपल्यापर्यंत ध्वनिक्षेपकांतूनच येतो, मागच्या बाजूला बसलेल्याला गायकाचा चेहरा पडद्यावरच दिसतो, शेजारचे कुटुंब डबा उघडते, कोणाचे तरी मूल कंटाळून रडू लागते आणि नेमक्या आलापाच्या वेळी कोणीतरी आपल्या गुडघ्यांवरून वाट काढत खाद्यपदार्थांच्या दालनाकडे निघते. त्यामुळे 'प्रत्यक्ष गाण्याचा आवाजच वेगळा' असे जे म्हटले जाते ते लहान बैठकीपुरते खरे आहे, मोठ्या महोत्सवाला ते फारसे लागू नाही. मी जातो तो वेगळ्या कारणासाठी. ख्यालगायनात (म्हणजे एखादा राग बंदिशीच्या आधाराने मंचावरच फुलवत नेण्याच्या गायनात) काय गायचे, किती गायचे आणि कुठे थांबायचे याचा बराचसा निर्णय गायक मंचावर बसल्यावरच घेत असतो, आणि तो निर्णय होताना पाहायला मिळतो तो फक्त तिथे.

त्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास एका गायिकेने पूरिया मांडला. पूरिया, मारवा आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच आहेत: कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), आणि पंचम (प) पूर्ण वर्ज्य, म्हणजे तो स्वर घ्यायचाच नाही. भेद आहे तो कोणत्या स्वरावर किती रेंगाळायचे यात. मारव्यात रिषभ आणि धैवत (ध) बोलतात, पूरियात गंधार (ग) आणि निषाद (नी), तर सोहनी वरच्या सप्तकातच जास्त रमते. त्यामुळे पूरिया गाणाऱ्याने वर जाण्याची घाई केली की राग हातातून निसटू लागतो. या गायिकेने विलंबित एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या संथ तालात, जवळजवळ मिनिटभराच्या एकेका आवर्तनात (तालाच्या एका फेरीत), मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादाभोवतीच इतका वेळ काढला की माझ्या पुढचे एक गृहस्थ अस्वस्थ होऊन मागे वळून पाहू लागले. मध्येच तबल्याची लय किंचित चढली. तिने गाणे न थांबवता उजव्या हाताने मांडीवर मात्रा धरल्या, तबलजीकडे एकदाच पाहिले आणि पुढच्या समेपर्यंत, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, लय पुन्हा जागेवर आली. मग गंधारापर्यंत, तिथून तीव्र मध्यमापर्यंत, पुन्हा खाली. तार षड्जाच्या (वरच्या 'सा'च्या) अगदी उंबरठ्यावर, निषादावर, ती दोनदा पोहोचली आणि दोन्ही वेळा परतली. तिसऱ्या वेळी षड्ज लागला तेव्हा मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच क्षणी 'वा' उमटली. हे सगळे ध्वनिमुद्रणातही ऐकू येईल, पण मांडीवरचा तो हात, हार्मोनियमवाल्याने षड्ज आधीच न वाजवता रोखून धरलेले बोट आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येच्या चेहऱ्यावर 'आता लावणार' असे जे दिसत होते, ते ऐकू येणारे नव्हे. गायिकेने घेतलेल्या निर्णयात तिचे साथीदार कसे सामील असतात, हे मला अशाच वेळी कळते.

त्यानंतरची दोन-तीन मिनिटे मला त्याहून मोलाची वाटतात, आणि ध्वनिमुद्रणातून नेमकी तीच कापलेली असतात. पूरियात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादात लावलेली होती. शेवटी अभंग गायचा ठरला (पुण्यात अभंगाशिवाय श्रोते सहसा सोडत नाहीत, आणि 'अभंग, अभंग' अशी मागणी मांडवातून आली होतीच) आणि त्यासाठी पंचम हवा होता. दोन्ही शिष्यांनी तंबोरे मांडीवर आडवे घेतले, खुंट्या पिळून तारा उतरवल्या, मणी सरकवून बारीक फरक काढला आणि जवारीवरचा, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावरचा, दोरा हलवून आवाज पुन्हा गोल केला. गायिका कान देऊन बसली होती. एका तंबोऱ्याला तिने मानेनेच 'अजून नाही' म्हटले. तेवढ्या वेळात तबलजीने हातोडीने गठ्ठे ठोकून आपला तबला पुन्हा तपासला. ज्या स्वरावर अर्धा तास सगळा डोलारा उभा होता तो उतरला, दुसरा चढला, आणि पहिला पंचम छेडला गेला तेव्हा मांडवाची हवाच बदलल्यासारखी वाटली. एखाद्या रागातून पंचम वगळला आहे म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून मला माहीत होते. तो परत आला तेव्हा ते कानाला पटले.

शेवटचा दिवस मी निवडतो त्यालाही कारण आहे, आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व 1952 साली गेले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी 1953 पासून गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. भीमसेनजी 2011 च्या जानेवारीत गेल्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. अनेक वर्षे तो रमणबागेच्या शाळेच्या मैदानावर होत असे. 2018 पासून तो मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. जुने श्रोते मात्र जागेपेक्षा वेळेविषयी अधिक हळहळतात. पूर्वी गाणे रात्रभर चाले, शाली आणि थर्मास घेऊन लोक पहाटेपर्यंत बसत, आणि रात्रीच्या मालकंस-दरबारीनंतर उजाडताना ललत किंवा तोडी ऐकू येई. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करणे भाग पडू लागले आणि ही रात्र संपली. काही मोजक्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते, आणि शनिवारचे सत्र त्यामुळे लांबते, पण पहाट काही परत येत नाही. मला नियमाबद्दल तक्रार नाही. मैदानालगत राहणाऱ्यांनाही झोपेचा अधिकार आहे. तरीही उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग संध्याकाळच्या महोत्सवांतून जवळजवळ हद्दपार झाले, ही हानी खरी आहे, आणि त्या रागांची तरुण गायकांची जाहीर तालीम त्यामुळे कमी होते असे माझे मत आहे.

शेवटच्या दिवसाचे सत्र दुपारी बाराला सुरू होते, आणि निदान अर्धा दिवस तरी रागांच्या क्रमाने ऐकण्याची संधी त्यात मिळते. सारंगाचे प्रकार, मग भीमपलास, पटदीप, मुलतानी, सूर्य कलला की पूरिया, मारवा, श्री, आणि अंधार पडल्यावर यमन, बिहाग, बागेश्री असा तो रस्ता आहे. प्रत्येक वर्षी तो इतका सलग असतोच असे नाही, कारण काय गायचे ते कलाकार ठरवतो. या वेळी मात्र मुलतानी आणि पूरिया लागोपाठ आले. मुलतानीत पंचम ठसठशीत, पूरियात त्याचा पत्ता नाही. बाहेर ऊन उतरत होते आणि आत तो एक स्वर नाहीसा झाला. घरी बसून मी हे दोन राग एकामागून एक लावू शकतो, पण मध्ये गालिचा झटकला जातो, नवे तंबोरे येतात, निवेदक बोलतो, आपण उठून चहा घेऊन येतो आणि कानात आधीचा राग घोळत असतानाच दुसरा सुरू होतो, हे घरी घडवून आणता येत नाही.

याच महोत्सवाची एक प्रथा मला नेहमी गमतीची वाटते. सांगता होते ती सवाई गंधर्वांच्या जुन्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने. प्रत्यक्ष गाण्याचा एवढा मोठा उत्सव संपतो तो तबकडीवरच्या आवाजाने, तेही त्या काळच्या तबकडीत मावेल तेवढ्याच, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांच्या. मांडवातले लोक उभे राहून ती ऐकतात. म्हणजे ध्वनिमुद्रण कमी प्रतीचे असे मी मुळीच म्हणत नाही. अब्दुल करीम खाँ आपल्याला कळतात ते त्या तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळेच. पण त्या तबकड्यांत गाणे आधी ठरवून, आटपशीर करून भरलेले आहे, आणि ख्यालाची बढत, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने फुलवत नेणे, हा त्याच्या अगदी उलट्या जातीचा प्रकार आहे.

श्रोत्यांविषयी थोडे. मैफल श्रोत्यांमुळे रंगते असे सगळेच म्हणतात, पण ती त्यांच्यामुळे बिघडतेही. त्याच दिवशी एका वाद्यवादनात सतार आणि तबल्याचे सवाल-जवाब सुरू झाले, प्रत्येक तिहाईला (तीनदा वाजवून समेवर आणलेल्या तुकड्याला) टाळ्यांचा कडकडाट होऊ लागला, आणि वादकाच्या लक्षात आले की टाळी कशाला मिळते. आलापात त्याने जे काही हळुवार मांडले होते ते मग मागेच पडले आणि उरलेला वेळ वेगातच गेला. याचा दोष मी एकट्या वादकाला देणार नाही. टाळी आणि दाद यांत फरक आहे. दाद आवर्तनाच्या आतच, समेवर, मान हलवून किंवा हलक्या आवाजात दिली जाते आणि गायकाला पुढे काय करावे याचा कौल देते, तर टाळी त्याला थांबवते. मोबाईल उंच धरून चित्रीकरण करणाऱ्यांनी तर मागच्या ओळींचा मंचच झाकून टाकला होता. स्वयंसेवक येऊन सांगत, हात खाली जात, आणि ते पुढे गेले की पुन्हा वर येत.

नंतर कधीतरी ऐकू, ही सबब किती महाग पडते ते 2024 च्या जानेवारीत कळले. नऊ तारखेला गायक उस्ताद राशिद खान गेले आणि तेराला गायिका डॉ. प्रभा अत्रे. प्रभाताईंना मी अनेकदा ऐकले होते, पण राशिद खाँना ऐकण्याचे मी दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत आलो होतो. त्याच वर्षी डिसेंबरात, महोत्सवाच्या तोंडावर, तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन गेले. या तिघांचे भरपूर काम ध्वनिमुद्रित आहे आणि ते मी ऐकतोच. पण त्यांनी माझ्यासमोर एखादी लय सांभाळली, एखादा स्वर रोखला, हे आता होणे नाही.

आपण शास्त्रीय संगीताला नवे असाल तर मोठ्या महोत्सवाने सुरुवात करावी की छोट्या बैठकीने, असा प्रश्न पुढे येईल. माझे उत्तर छोटी बैठक असे आहे. पुण्या-मुंबईत आणि गोव्यातही घरगुती किंवा लहान सभागृहातल्या बैठका होत असतात; पन्नास-साठ माणसे, कधी ध्वनिक्षेपकही नाही. तिथे गायकाचा श्वास ऐकू येतो, तंबोऱ्याची जवारी कानाशी गुंजते, आणि वर सांगितलेले हाताचे आणि नजरेचे इशारे हाताच्या अंतरावरून दिसतात. एकदा काय पाहायचे ते कळले की महोत्सवाच्या मांडवात, पडद्यावरूनही, ते ओळखता येते. महोत्सवाला जाणारच असाल आणि एकच दिवस काढता येत असेल, तर शेवटचा दिवस घ्या आणि बाराच्या आधी पोहोचा, कारण भारतीय बैठकीत मंचाच्या उजव्या-डाव्या अंगाला जागा मिळाली तर तबलजीचे हात आणि गायकाची नजर एकाच वेळी दिसतात, आणि ती जागा दुपारनंतर मिळत नाही. दुपारी ऊन असते म्हणून शाल घरी ठेवू नका. मैदानात सात वाजल्यापासून चांगली थंडी पडते.