गुणोत्तर आणि सरासरी: काय बदललं नाही, ते आधी शोधा

या वेळच्या प्रश्नांत पोलीस भरतीवाले आहेत, राज्यसेवावाले आहेत आणि शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांचे पालकही आहेत. अडलेली गणितं मात्र एकाच घरातली: वयवारी, सरासरी, मिश्रण, काळ-काम. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: वडील आणि मुलगा यांच्या वयांचं आजचं गुणोत्तर ४:१ आहे, २० वर्षांनी ते २:१ होईल, तर आजची वयं किती? मी ४क्ष आणि क्ष धरून समीकरण मांडतो. उत्तर बरोबर येतं, पण वेळ फार जातो. (पोलीस भरतीचा उमेदवार, जालना)

समीकरण चुकीचं नाही, महाग आहे. भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. त्यातली पंधरा-वीस तर वाचण्यातच जातात.

वयवारीत सगळं बदलतं, दोघांच्या वयांतला फरक तेवढा बदलत नाही. तिथूनच सुरुवात करा. ४:१ मध्ये फरक ३ भागांचा आहे, २:१ मध्ये १ भागाचा. वर्षांत मोजलं तर फरक तोच, म्हणजे दुसऱ्या गुणोत्तरातला एक भाग पहिल्यातल्या तीन भागांएवढा मोठा. म्हणून दुसरं गुणोत्तर ३ ने गुणायचं: ६:३. आता वडील ४ वरून ६ वर गेले आणि मुलगा १ वरून ३ वर. दोघंही २ भागांनी वाढले. २ भाग म्हणजे २० वर्षं, १ भाग म्हणजे १० वर्षं. वडील ४०, मुलगा १०.

दोघांची वाढ सारखी आली की मांडणी बरोबर आहे, हा ताळा फुकटात मिळतो. इथे घोटाळा होतो तो एकाच सवयीमुळे: ६:३ दिसलं की हात आपोआप त्याला छेद देऊन पुन्हा २:१ करतो. या गणितात संक्षिप्त रूपाचा मोह आवरा. कधी कधी फरक आधीच सारखे असतात. आज ५:३ आणि ६ वर्षांनी ७:५ असेल, तर गुणायचीही गरज नाही. २ भाग म्हणजे ६ वर्षं, वयं १५ आणि ९.

आणखी एक. तुमच्या गणितात वयांची बेरीज विचारली असती आणि पर्याय ४८, ५०, ५२, ५४ असे असते, तर पेन उचलायचीही गरज नव्हती. ४ आणि १ मिळून ५ भाग होतात, त्यामुळे बेरजेला ५ ने भाग गेलाच पाहिजे. वयं पूर्ण वर्षांत असतील तिथे ही चाळणी लावायला दोन सेकंद पुरतात.

प्रश्न: गाडी जाताना ताशी ४० किमी वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ६० किमी वेगाने आली. सरासरी वेग मुलगी ५० सांगते, उत्तरसूचीत ४८ आहे. तिला समजावू कसं? (पालक, नाशिक)

सूत्र सांगू नका, अंतर द्या. ४० आणि ६० या दोघांनीही भाग जाईल असं, समजा १२० किमी. जायला ३ तास लागले, यायला २ तास. एकूण अंतर २४० किमी, एकूण वेळ ५ तास. २४० भागिले ५ म्हणजे ४८. मग तिलाच विचारा, गाडी जास्त वेळ कोणत्या वेगाने चालली? ४० ने. म्हणून उत्तर ५० च्या अलीकडे, ४० च्या बाजूला झुकलेलं आहे.

५० हे उत्तर केव्हा बरोबर आलं असतं, हेही तिला विचाराच. गाडी ३ तास ४० ने आणि ३ तास ६० ने चालली असती, तर. म्हणजे प्रश्नात अंतर सारखं आहे की वेळ सारखी, एवढंच पाहायचं. ‘दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज’ हे सूत्र फक्त अंतर सारखं असतानाच चालतं. मुलं ते पाठ करतात आणि वेळ सारखी असली तरी ठोकून देतात.

जमलं तर तिला हेही घाला: जाताना ताशी ३० चा वेग पडला, पूर्ण फेरीची सरासरी ६० यायची असेल, तर येतानाचा वेग किती हवा? ती लगेच ९० म्हणेल. पुन्हा १२० किमी घ्यायला सांगा. जायलाच ४ तास गेले. ६० च्या सरासरीने २४० किमीला एकूण ४ तासच मिळतात. परतीसाठी वेळच उरला नाही!

प्रश्न: फलंदाजाने १२ व्या डावात ८० धावा केल्या, त्यामुळे सरासरी ४ ने वाढली. आता सरासरी किती? यात ४ ला ११ ने गुणायचं की १२ ने, यात माझा नेहमी गोंधळ होतो. (राज्यसेवेची विद्यार्थिनी, लातूर)

हा गोंधळ फार जणांचा आहे, कारण शिकवण्यांमध्ये दोन्ही आकडे वापरून गणित सोडवतात आणि दोन्ही बरोबर असतात. मोजायला कुठून सुरुवात केली, त्यावर ते ठरतं.

जुन्या सरासरीवरून मोजलं, तर नव्या डावाने स्वतःसाठी ४ जादा आणले आणि आधीच्या ११ डावांना प्रत्येकी ४ वाटले. एकूण १२ × ४ = ४८. म्हणजे ८० मधून ४८ गेले, जुनी सरासरी ३२. नव्या सरासरीवरून मोजलं, तर नव्या डावाकडे जे जादा होतं ते आधीच्या ११ डावांना वाटलं: ११ × ४ = ४४. ८० वजा ४४ म्हणजे ३६, ही नवी सरासरी. ३२ आणि ३६ मध्ये ४ चाच फरक आहे, ताळा झाला. एक वाट निवडा आणि परीक्षेपर्यंत तीच धरा. मी पहिली निवडेन.

सरासरीपेक्षा जास्त किती, कमी किती, एवढंच मोजायची ही रीत हातात बसली की मोठे आकडे घाबरवत नाहीत. क्रिकेटचा विषय निघालाच आहे, तर डॉन ब्रॅडमनचं गणित करून बघा. १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या कसोटी डावाला उतरताना त्याच्या ६,९९६ धावा होत्या आणि तो ६९ वेळा बाद झाला होता. १०० च्या सरासरीला ६९ बादांसाठी ६,९०० लागतात, म्हणजे त्याच्याकडे ९६ जादा जमा होत्या. या डावात बाद झाला तरी सरासरी १०० राहायला १०० हव्यात, त्यातल्या ९६ आधीच शिलकीत. उरल्या ४. इंग्लंडच्या एरिक हॉलीसने त्याला शून्यावर त्रिफळाचीत केलं आणि सरासरी ९९.९४ वर थांबली. यात कुठेही लांबलचक भागाकार करावा लागला नाही, शेवटचा सोडून.

(खऱ्या क्रिकेटमध्ये एकूण डावांनी नाही, बाद झालेल्या डावांनी भागतात. ब्रॅडमनचे डाव ८०, पण १० वेळा तो नाबाद होता. परीक्षेतला फलंदाज मात्र दरवेळी बाद होतो असं धरायचं, प्रश्नात वेगळं सांगितलं नसेल तर.)

एक खेळाडू जाऊन दुसरा आला, असं गणित असेल तर संख्या बदलत नाही, त्यामुळे वरचा गोंधळच नाही. कबड्डीच्या ७ जणांत ५८ किलोचा गडी जाऊन नवा आला आणि सरासरी वजन २ किलोने वाढलं, तर नव्याचं वजन ५८ + १४ = ७२ किलो.

प्रश्न: मिश्रणाची गणितं कधी जमतात, कधी उलटी येतात. उदा. ४५ लिटर मिश्रणात दूध व पाणी ४:१ आहे. गुणोत्तर ३:२ व्हायला किती पाणी घालावं? आणि अलिगेशनच्या (दोन किमतींचा माल मिसळून मधली किंमत आणायच्या रीतीच्या) फुलीत कोणता आकडा कुणाचा, हे विसरतं. (कोल्हापूर)

पहिल्यात पाणी घातलं, दुधाला कुणी हात लावला नाही. दूध आधी ३६ लिटर, नंतरही ३६. नव्या गुणोत्तरात ते ३ भाग आहे, म्हणून १ भाग १२ लिटर, पाणी २४ लिटर हवं. आधीचं ९ आहे, १५ घाला. वयांत फरक धरला, इथे दूध धरलं. प्रश्न वाचताना ज्याला कुणी हात लावला नाही त्याच्याखाली रेघ मारा. मात्र ‘मिश्रणातून ५ लिटर काढून तेवढंच पाणी ओतलं’ असं असेल, तर काढताना दूधही गेलं हे विसरू नका. तिथे कायम राहतं ते फक्त एकूण माप.

आता फुली. ४० रुपये आणि ६० रुपये किलोचा तांदूळ मिसळून ४५ रुपये किलोचा करायचा. ४५ आणि ४० मधलं अंतर ५, ६० आणि ४५ मधलं १५. उत्तर १५:५, म्हणजे ३:१. कोणता ३? पाठ करू नका, किमतीकडे बघा. ४५ हा ४० ला चिकटून आहे, तेव्हा स्वस्त तांदूळच जास्त असणार. प्रश्नात ‘५४ रुपयांनी विकून २० टक्के नफा’ असं आलं, तर फुलीत ५४ घालू नका. आधी खरेदी किंमत काढा: ५४ भागिले १.२, म्हणजे ४५. फुली नेहमी खरेदी किमतीवर.

हीच फुली वरच्या नाशिकच्या प्रश्नावर लावून बघा. ४०, ६० आणि मध्ये ४८. अंतरं ८ आणि १२, उत्तर १२:८ म्हणजे ३:२. हे गुणोत्तर कशाचं? तासांचं. जायला ३, यायला २. मिश्रण आणि सरासरी हे दोन धडे पुस्तकात वेगळे छापतात, एवढंच.

प्रश्न: आजोबा सगळं त्रैराशिकाने सोडवतात, शिकवणीत ऐकिक पद्धत सांगतात. कोणती धरू? (सांगली)

गणित एकच, मांडणी वेगळी. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त हीच मांडणी दिली आहे: प्रमाण, फल, इच्छा. एका जातीचे दोन आकडे दोन टोकांना, दुसऱ्या जातीचा मध्ये. मधल्याला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. व्यस्त असेल तर उलट करायचं, हेही तिथेच सांगितलेलं आहे, आणि नेमकं तेच लोक विसरतात. १२ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, १० मजूर किती दिवसांत? माणसं कमी झाली, दिवस वाढले पाहिजेत. १२ × १५ = १८० मजूर-दिवस हे काम काही बदललेलं नाही, म्हणून १८० भागिले १० = १८ दिवस. १२.५ उत्तर आलं तर सरळ त्रैराशिक लावलंत. वेगाच्या दृष्टीने मी आजोबांच्या बाजूने आहे.

प्रश्न: अ:ब = २:३ आणि ब:क = ४:५, तर अ:ब:क? (दोघांनी विचारलं)

दोन्हीकडचा ब सारखा करा. ३ आणि ४ चा लसावि १२. ८:१२:१५.

प्रश्न: दोन पर्याय बाद झाले, दोन उरले, गणित मात्र सुटत नाही. सोडून द्यावं की खूण करावी? (राज्यसेवा, पुणे)

राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापतात, यूपीएससीच्या सीसॅटला (पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरला) तिसरा. असे १६ प्रश्न धरा, दोन-दोन पर्याय बाद झालेले. ८ बरोबर येतील, ८ चुकतील असं मानू. चौथ्या हिश्शाने २ प्रश्नांचे गुण गेले, ६ प्रश्नांचे हाती राहिले. तिसऱ्या हिश्शाने कापले तरी पाचाहून जास्त प्रश्नांचे गुण उरतात. तेव्हा खूण करा. चारही पर्याय शिल्लक असतील तर १६ पैकी सरासरी ४ बरोबर, १२ चूक. चौथ्या हिश्शाने ३ प्रश्नांचे गुण जातात, उरतो एकाचा. तिसऱ्याने ४ जातात, उरत काहीच नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत गुण कापत नाहीत, तिथे एकही गोल रिकामा ठेवू नका.