याहू मेसेंजर गेला, ईमेल का टिकला?

याहू मेसेंजर, आयसीक्यू वगैरे संगणकावर गप्पा मारायचे जुने प्रोग्रॅम व्हॉट्सअ‍ॅपमुळे संपले का, असा प्रश्न पडतो. शेवटचा धक्का मोबाइलने दिला हे खरंच. पण माझ्या मते मूळ दुखणं १९९९ चं आहे.

इस्रायलच्या मिराबिलिस कंपनीने १९९६ मध्ये आयसीक्यू काढलं आणि आपलं माणूस आत्ता ऑनलाइन आहे की नाही, हे घरबसल्या कळू लागलं. १९९८ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने ती कंपनी विकत घेतली. एओएलचा स्वतःचा एआयएम हा मेसेंजर होताच. मग जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर आणला, आणि त्यातून थेट एआयएमवरच्या मित्रांशी बोलता यायचं! एओएलने ते अडवलं, मायक्रोसॉफ्टने पळवाट काढली, एओएलने पुन्हा अडवलं. असं बरेचदा झालं. समोरचा प्रोग्रॅम अस्सल एआयएम आहे की नाही हे ओळखायला एओएलने स्वतःच्याच सॉफ्टवेअरमधली एक सुरक्षा-त्रुटी वापरली, या थराला गोष्ट गेली. अखेर मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. याहू आणि मायक्रोसॉफ्टचे मेसेंजर एकमेकांशी जोडले गेले ते थेट २००६ मध्ये. तोवर प्रत्येकाने आपापली भिंत पक्की केली होती.

आता ईमेल बघा. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल ही ईमेल सेवा सुरू केली, पुढच्याच वर्षाअखेरीस ते मायक्रोसॉफ्टने घेतलं. मेलबॉक्स होता २ एमबीचा. १ एप्रिल २००४ ला जीमेलने १ जीबी देऊ केले आणि लोक भराभर तिकडे गेले. पण रेडिफमेलवरच्या काकांना जीमेलवरून पत्र जातच राहिलं, कारण ईमेलचे नियम कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. हॉटमेल हे नाव मागे पडलं, तरी ते जुने पत्ते मायक्रोसॉफ्टच्याच आउटलुकवर अजून चालतात.

मेसेंजर सोडला की मात्र माणसंही सुटत. आयएसडी, म्हणजे परदेशी फोन, परवडत नव्हतं तेव्हा अमेरिकेतली मुलं आणि इथले आईवडील याहूच्या व्हॉइस चॅटवर बोलत. ती मित्रयादी दुसरीकडे नेताच येईना. व्हॉट्सअ‍ॅप काढणारे जॅन कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन दोघेही पूर्वी याहूत होते. त्यांनी वेगळं नाव घ्यायला लावलंच नाही, फोन नंबर हीच ओळख, आणि यादी तर फोनमध्ये आधीपासून होतीच. एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये आणि आयसीक्यू जून २०२४ मध्ये बंद झाले.

भिंत आजही तशीच आहे, फक्त मालक बदलले. युरोपीय संघाने मात्र मोठ्या मेसेजिंग सेवांना इतर अ‍ॅप्ससाठी दार उघडायची सक्ती केली, ती मार्च २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडेही तसा कायदा व्हावा, असं मला मनापासून वाटतं.