डायनरमध्ये बेकन खाऊन बघावं का? काय मागवावं?

"ऑगस्टमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला जातोय. डायनरमध्ये एकदा बेकन खायचंय, पण नातेवाईक म्हणतात ते रबरासारखं लागतं आणि डायनर म्हणजे ट्रकवाल्यांची खानावळ." हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. हीच दोन वाक्यं माझा आतेभाऊ, आमचा दादा, वीस वर्षं मला ऐकवतोय.

जरूर खा. फक्त हॉटेलच्या फुकट नाश्त्यातलं खाऊ नका. तिथं ते सकाळीच भाजून झाकून ठेवतात, वाफेनं पार मऊ पडतं. दादानं आयुष्यात तेवढंच खाल्लंय आणि त्यावर निकाल देऊन मोकळा झालाय.

मी १९९९च्या जानेवारीत वायटूकेच्या (सन २००० लागताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून चाललेल्या) कामावर न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. रात्रपाळी होती. एकदा बर्फातून घरी परतताना रूट वन या महामार्गावरच्या एका डायनरमध्ये शिरलो. पहाटेचे चार वाजले होते. काउंटरवर बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आणि दोन नर्स, बाकी शुकशुकाट. साठीच्या एक बाई आल्या, न विचारताच कॉफी ओतली आणि अंडी कशी हवीत म्हणून विचारलं. मला सांगता येईना, तेव्हा त्यांनी हाताचा पंजा हळूच पालथा करून दाखवला. म्हणजे अंडं उलटायचं, पण बलक ओला ठेवायचा. 'ओव्हर ईझी' हा शब्द मी असा शिकलो.

तवा समोरच होता, चांगला दोन हात लांब. आचाऱ्यानं पट्ट्या टाकल्या आणि वर लोखंडी वजन ठेवलं. आधी नुसती चुरचुर. मग चरबी सुटली, बारीक फेस आला, कडा तांबूस होत गेल्या. वजन उचलून पट्ट्या उलटल्या, आणि सुटलेल्या चरबीतच बटाट्याच्या फोडी परतायला घेतल्या. पहिला तुकडा तोंडात कडकन मोडला आणि मला कुडाळची आजी आठवली, निखाऱ्यावर खारा बांगडा भाजणारी. बेकन तरी दुसरं काय? डुकराच्या पोटाकडचं मांस मिठात मुरवून धुरावर धरलेलं. ती चव आपल्याला परकी नाहीच.

हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "आपल्यात डुक्कर चालत नाही." लहानपणी गावात रानडुकराची शिकार झाली की घरी वाटा यायचा. त्या सागोतीची आठवण हाच माणूस आजही मिटक्या मारत सांगतो! मग मी बाटलो कसा?

आणि ट्रकवाल्यांची खानावळ म्हणाल, तर १८७२ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा एक माणूस रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर घोडागाडीतून खाणं विकायचा. डायनरचं मूळ ते. पुढे न्यू जर्सीतल्या कारखान्यांत अख्खे डायनर तयार होऊन जागेवर नेऊन ठेवले जायचे, म्हणून जुने डायनर रेल्वेच्या डब्यासारखे दिसतात. रात्री राबणाऱ्यांसाठी सुरू झालेली जागा आहे ही. त्यात कमीपणा कसला?

तर मागवा: दोन अंडी ओव्हर ईझी, बेकन 'एक्स्ट्रा क्रिस्पी' (हे सांगाच), होम फ्राइज (त्याच परतलेल्या बटाट्याच्या फोडी), राय टोस्ट. टेबल सोडून काउंटरवर बसा. दुपारी गेलात तर बीएलटी घ्या, म्हणजे बेकन, लेट्यूस आणि टोमॅटोचं सँडविच. ऑगस्टमध्ये जर्सीचे टोमॅटो ऐन भरात असतात आणि त्या सँडविचचा निम्मा जीव टोमॅटोत असतो. टेलर हॅम हा जर्सीचा डुकराच्या मांसाचा प्रकार वेगळा, तो नंतर कधीतरी. समिट गावात स्टेशनसमोर १९३०च्या दशकातला असा डब्यासारखा डायनर अजून चालू आहे, मुलाला तिथं न्यायला सांगा.

रक्तदाब असेल तर दोन पट्ट्यांवर थांबा, मीठ फार असतं. रोज खाण्याची ही वस्तू नव्हे. प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय. घरात कुणी शाकाहारी असेल तर पॅनकेकही बहुधा त्याच तव्यावर होतात, आधी विचारा. आणि मनातून नकोसं वाटत असेल तर माझ्या सांगण्यावरून खाऊ नका. टिप मात्र वीस टक्के ठेवा.

दादा ऑक्टोबरमध्ये येतोय. स्टेशनसमोरच्या त्याच काउंटरवर त्याला माझ्या शेजारी बसवणार आहे.