व्हॅनमधल्या पंपाची बॅटरी: निवड, चार्जिंग आणि वाचकांचे प्रश्न

व्हॅनमध्ये शुद्ध पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, पाइपाचं रीळ आणि लांब पोलच्या टोकाला ब्रश, असा संच घेऊन खिडक्या धुणाऱ्यांचे प्रश्न या वेळी बरेच आले आहेत. त्यातले बहुतेक बॅटरीचे आहेत, म्हणून आज फक्त तेच घेतो.

प्रश्न: गाडीची स्वतःची बॅटरी आहेच. पंप तिलाच जोडला तर काय बिघडलं? वेगळी घ्यायची तर किती क्षमतेची घ्यावी?

गाडीची बॅटरी पंपाला जोडू नका. ती सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेट पातळ असतात, कारण काही सेकंदांत शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग लगेच पुन्हा भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिला रोज तासन् तास उपसलं तर प्लेटवरचं मटेरियल झडतं आणि ती फार लवकर बसते. शिवाय संध्याकाळी गाडीच सुरू होणार नाही ते वेगळं. पंपासाठी जाड प्लेटची डीप-सायकल, म्हणजे रोज बरीच उपसून पुन्हा भरता येणारी, बॅटरी स्वतंत्रच हवी.

क्षमता ठरवायची ती आपल्या वापरावरून. समजा पंप चालू असताना ५ अँपिअर घेतो आणि दिवसभरात पाणी प्रत्यक्ष ४ तास सोडलं जातं. म्हणजे रोजचा वापर २० अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड, म्हणजे शिशाच्या प्लेट आणि आम्लाची नेहमीची, बॅटरी शक्यतो निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून कागदावर ४० अँपिअर-तास (एएच) पुरते. पण थंडीत क्षमता घटते, बॅटरी जुनी होत जाते आणि एखाद्या रात्री चार्जिंग राहूनही जातं. म्हणून मी अशा कामाला ८० ते १०० एएच सुचवतो. दोन माणसं दोन पंपांवर काम करत असतील किंवा रीळही मोटरवर फिरत असेल, तर हिशेब नव्याने करा. पंपाच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावून करंट एकदा स्वतः मोजा. पंपाचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरने तो कमी ठेवला असेल तर आकडा बराच खाली येतो.

प्रश्न: बॅटरी नवी आहे, रिलेमार्फत (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्राला, जोडलेली आहे, गाडी रोज फिरते. तरीही आठवड्याच्या शेवटी दुपारीच पंप बंद पडतो. बॅटरी खराब निघाली का?

बहुधा नाही. बॅटरी रोज अर्धपोटी राहते आहे. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या बॅटऱ्या अशाच मरतात आणि दोष दुकानदाराला लागतो.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. दिवसाला २० अँपिअर-तास काढले. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना गाडी एकूण तासभर चालली आणि रिलेतून सरासरी १० अँपिअर मिळाले असं धरू. लेड-अ‍ॅसिडमध्ये घातलेलं सगळं साठत नाही, त्या १० पैकी ८ पदरात पडतात. म्हणजे रोज १२ अँपिअर-तासांची उधारी. पहिल्या दिवशी ती जाणवत नाही. पाचव्या दिवसाअखेर ६० झालेली असते आणि १०० एएचच्या बॅटरीत ४० उरतात. सहाव्या दिवशी कंट्रोलर बॅटरी कमी असल्याचा इशारा देतो आणि पंप थांबतो. दरम्यान अर्धवट भरलेल्या प्लेटवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि ते पुढे नुसत्या चार्जिंगने सुटत नाहीत.

दुसरी शक्यता गाडीच्या अल्टरनेटरची. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी स्मार्ट अल्टरनेटर असतो. गाडीची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो आणि ब्रेक लावताना वर नेतो. व्होल्टेज पाहून जोडणारा रिले साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. म्हणजे अशा गाडीत तो निम्मा वेळ सुटलेलाच राहू शकतो. इथे रिले काढून डीसी-टू-डीसी चार्जर बसवणं हाच उपाय. तो कमीजास्त व्होल्टेज घेऊन पंपाच्या बॅटरीला हवं तेवढंच, टप्प्याटप्प्याने देतो. पण तासाभराच्या प्रवासात ३० अँपिअरचा चार्जरसुद्धा लेड-अ‍ॅसिड बॅटरी काठोकाठ भरू शकत नाही, कारण शेवटचा भाग ती सावकाशच घेते. तेव्हा रात्री विजेवरचं चार्जिंग चुकवू नका. आधी आठवडाभर रोज रात्री चार्जर लावून पाहा, तक्रार बहुधा तिथेच संपेल.

प्रश्न: चार्जर किती अँपिअरचा असावा? रात्रभर, सुट्टीभर लावून ठेवला तर चालतो का?

क्षमतेच्या १० ते २० टक्के, म्हणजे १०० एएचला १० ते २० अँपिअर. टप्प्यांत काम करणारा घ्या. तो आधी पूर्ण करंट देतो, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो आणि भरल्यावर १३.६ च्या जवळ उतरतो. या शेवटच्या टप्प्यावर तो दिवसेंदिवस राहिला तरी हरकत नाही. साधा, आपोआप न उतरणारा चार्जर मात्र तसा सोडू नका, तो बॅटरीतलं पाणी उकळवून उडवतो.

२० अँपिअर-तास काढलेत, चार्जर १० अँपिअरचा, म्हणजे दोन तासांत काम झालं, असं होत नाही. शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते ती नीट लावा. एजीएम आणि जेल हे लेड-अ‍ॅसिडचेच बंद प्रकार. एजीएमला १४.४ ते १४.७ व्होल्ट चालतात, जेलला १४.१ ते १४.२ च्या वर नेऊ नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. व्हॅनमध्ये हवा खेळती ठेवा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा, ठिणगी पडता कामा नये.

प्रश्न: लिथियम घेऊ का?

रोज काम असेल आणि एकदाच खर्च करायची तयारी असेल तर घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार घ्या. १०० एएचची लेड-अ‍ॅसिड २५ ते ३० किलोची असते, ही त्याच्या निम्म्याहूनही हलकी. ८० टक्के उपसली तरी तक्रार नाही, हजारो सायकल (भरणं-उपसणं) चालते आणि अर्धवट भरलेली राहिल्याने बिघडत नाही. वरच्या प्रश्नातली अडचण हिला जवळपास नाहीच.

अटी मात्र पाळाव्या लागतात. बॅटरीचं तापमान शून्य अंशाखाली असताना चार्जिंग करायचं नाही, आत धातूरूप लिथियम साचून कायमचं नुकसान होतं. थंडीत चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा. ही बॅटरी करंट भरपूर ओढते, म्हणून अल्टरनेटरला थेट रिलेने जोडू नका, अल्टरनेटर तापून जळू शकतो. डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. लेड-अ‍ॅसिडच्या चार्जरमध्ये सल्फेट काढण्याचा किंवा १५ व्होल्टच्या वर जाणारा मोड असतो, तो हिला चालत नाही. आणि व्होल्टमीटरवर विसंबू नका. भरलेली असो वा निम्मी, तो १३.२-१३.३ च्या आसपासच दाखवतो. शंट (करंट मोजणारा छोटा भाग) लावलेला, आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा बॅटरी मॉनिटर बसवा.

प्रश्न: मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, तरी पंप दमल्यासारखा चालतो. असं का?

आधी तो आकडा कधी घेतला ते सांगा. चार्जर काढल्याकाढल्या मोजलं तर व्होल्टेज फसवं वर असतं. काही तास काहीही न चालवता बॅटरी ठेवा आणि मग मोजा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी.

आकडा तरीही चांगला असेल तर वायर पाहा. पंप बॅटरीपासून ६ मीटरवर आणि वायर १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं होतं. ५ अँपिअरला त्यात ०.७ व्होल्ट गळतात. ४ चौरस मिलिमीटरची टाकली तर पाव व्होल्टच जातो. पंप चालू ठेवून एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि लगेच पंपाच्या टोकांवर मोजा, फरक डोळ्यांनी दिसेल. फरक मोठा असेल तर एकेक जोड तपासा. व्हॅनमध्ये ओल कायम असते, त्यामुळे फ्यूजहोल्डरच्या पात्यावर हिरवट थर चढलेला किंवा लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) सैल होऊन काळपटलेला सापडतो. साफ करा, घट्ट करा, वर ग्रीस लावा. आणि पॉझिटिव्ह वायरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच ठेवा. तो पंपापाशी असेल तर मधली वायर घासून शॉर्ट झाली तरी उडणार नाही.