मेसचं बिल एक तारखेला, स्कॉलरशिप केव्हातरी

या महिन्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून नर्सिंगच्या खर्चाबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांना पैसा कमी पडतो, त्याहून जास्त तो वेळेवर येत नाही. उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

मुलीला जळगावात बी.एस्सी. नर्सिंगला कॅप राउंडमधून खाजगी कॉलेज लागलं. पहिल्या वर्षाचे 'सगळे मिळून' एक लाख दहा हजार भरा म्हणतात. आम्ही मराठा, उत्पन्नाचा दाखला एक लाख नव्वद हजारांचा, पाच एकर कापूस. घरचे म्हणतात, 'कापूस इकाई गया का भरी देसूत.' पण कापसाचा पैसा नोव्हेंबरशिवाय हातात येत नाही. गावात शेकडा तीनने मिळतात. घ्यावेत का?
— एक शेतकरी पालक, पारोळा तालुका

दादा, पैसे उचलण्याआधी 'सगळे मिळून' हे दोन शब्द फोडून घ्या. कॉलेजकडे छापील विवरण मागा: शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, परीक्षा शुल्क, वसतिगृह, मेस, गणवेश, परत मिळणारी अनामत किती. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि कॉलेजवार आकडा त्यांच्या संकेतस्थळावर दिसतो. तो विवरणाशेजारी ठेवून पाहा. पावतीवर जो आकडा येणार नाही, तो देऊच नका.

आता मुख्य गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (म्हणजे मराठा) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. अट एकच मोठी: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. तुमच्या मुलीचा तसाच आहे, म्हणून अलॉटमेंट लेटर जपून ठेवा. पुढच्या राउंडच्या नादात कॅपची जागा सोडून व्यवस्थापन कोट्यात गेलात तर ही सवलत हातची जाते. कॉलेजच्या ऑफिसमधून 'तिकडून घ्या, लवकर होतं' असं कुणी सुचवलं तरी जाऊ नका.

अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, दरवर्षी करावा लागतो. चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, एसईबीसी असेल तर नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, रेशनकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अलॉटमेंट लेटर लागतं. बारावीनंतर एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही. अर्ज सर्वात जास्त अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर: आधारवर वडिलांचं नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. हे जूनमध्येच दुरुस्त करा. सप्टेंबरमध्ये सेतूत गर्दी असते.

तरी वसतिगृह, मेस, गणवेश, प्रवास हे तुमच्याच खिशातून जाणार. त्यासाठी समजा चाळीस हजार कमी पडतात. शेकडा तीन म्हणजे महिन्याला बाराशे रुपये व्याज, वर्षाचे छत्तीस टक्के. ऑगस्टमध्ये घेऊन जानेवारीअखेर फेडले तर सहा महिन्यांचे ७,२०० रुपये गेले. मुलीच्या आईच्या बचत गटातून शेकडा एकने मिळाले तर तेच व्याज २,४०० होतं. त्याआधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या: 'वसतिगृह व मेसची रक्कम दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता १५ डिसेंबरपर्यंत.' तोंडी सांगितलेलं परीक्षेचा फॉर्म भरताना कुणालाच आठवत नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

बँकेचं शैक्षणिक कर्ज सगळ्यात शेवटी. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. हप्ते साधारण कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. दरवर्षी पंचाहत्तर हजार असे चार वर्षं उचलले आणि दर सोयीसाठी दहा टक्के धरला, तर हप्ते सुरू होईपर्यंत सरळव्याजानेच १,०५,००० चढतात: पहिल्या उचलीचे पाच वर्षांचे ३७,५००, मग ३०,०००, २२,५०० आणि १५,०००. मुद्दल तीन लाख, डोक्यावर चार लाख पाच हजार. हरभऱ्याचे पैसे आल्यावर वर्षाचं व्याज तेवढं भरत राहिलात तर हा डोंगर होत नाही.

मी धडगावची. नंदुरबारला जीएनएम (नर्सिंग पदविका) पहिल्या वर्षाला आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून जेवण-खोलीचे पैसे देणाऱ्या 'स्वयंम' योजनेचा अर्ज केला. आदिवासी विभागाच्या प्रकल्प कार्यालयात सांगतात पैसे पडले, माझ्या पासबुकात काहीच नाही. ताई, पैसे गेले कुठे?
— एक आदिवासी विद्यार्थिनी

बहुतेक तुझ्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात. आधार खात्याला जोडलेलं असणं आणि सरकारी पैशासाठी खात्याची आधारशी 'सीडिंग' झालेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसा आधार क्रमांकावर येतो, आणि शेवटचं सीडिंग ज्या बँकेत झालं तिथे जाऊन पडतो. सिमकार्ड घेताना किंवा मोबाईलच्या दुकानात अंगठा देताना एखादं पेमेंट बँकेचं खाते उघडलं गेलं असेल, तर पैसे तिथे बसले असतील. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघड. ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. आधारला आताचाच मोबाईल नंबर जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि काम तिथेच थांबतं.

बँक भलतीच निघाली तर आधी त्या खात्यातले पैसे काढून घे. मग तुझ्या नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भर आणि चारेक दिवसांनी स्टेटस पुन्हा बघ. बँक बरोबर असून पैसे परत गेले असतील तर दोन शक्यता: खातं शाळेत असताना अल्पवयीन म्हणून उघडलेलं आणि अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी केलेली नाही, किंवा वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने ते निष्क्रिय झालंय. केवायसी करून शंभर रुपये भर आणि काढ, मग प्रकल्प कार्यालयात फेरजमेचा अर्ज दे.

योजनेत जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांना वर्षाला ४३,००० मिळतात: भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. तालुक्याच्या ठिकाणी एकूण ३८,००० आहेत. दहा महिन्यांचं वर्ष धरलं तर तुझ्याकडे जेवणाला महिन्याला अडीच हजार, खोलीला बाराशे, बाकीच्याला सहाशे येतात. खोली शोधताना हा बाराशेचा आकडा डोक्यात ठेव. तिघी-चौघींत घेतली तर जमतं, एकटीने नाही. हप्ता आला की पुढच्या दोन महिन्यांचं भाडं त्याच दिवशी बाजूला काढ, कारण पुढचा हप्ता हजेरीचा दाखला जाईपर्यंत अडतो. तो दाखला कॉलेजच्या क्लार्ककडून आपणहून मागून घ्यावा लागतो.

आणखी एक, तुझ्याबरोबरच्या अनुसूचित जातीच्या मैत्रिणींसाठी. त्यांच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचा केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीही असते. ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. मोबाईलवर मोठा मेसेज पाहून घरी फ्रीज आला, आणि मार्चमध्ये कॉलेजने हॉल तिकीट अडवलं, असं वरचेवर होतं.

आम्ही चौघी धुळ्यात खोली करून राहतो. मेस सोडून हाताने करायचं म्हणतो. परवडेल का?
— चार मैत्रिणी

परवडेल, पण पोस्टिंगच्या (वॉर्डातल्या ड्यूटीच्या) वेळा सारख्या असतील तरच. दोघींची मॉर्निंग आणि दोघींची इव्हिनिंग असली की दोनदा शिजतं, आणि बचत गॅसमध्ये जाते.

एकीला दिवसाला चार भाकरी धरा: अडीचशे ग्रॅम पीठ, महिन्याला साडेसात-आठ किलो. चौघींना तीस-बत्तीस किलो. दादर ज्वारी घरून आणता येत असेल तर निम्मा प्रश्न मिटला, पण दळून आणू नका. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांनी चव सोडतं आणि भाकरी चिरते. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ असेल तर दहा दिवसांपुरतंच दळा. डाळी चौघींत सहा किलो (मूग-तूर निम्मी निम्मी), तेल तीन लिटर, शेंगदाणे दोन किलो. हिवाळ्यात भरताची वांगी स्वस्त असतात तेव्हा आठवड्यातून तीनदा भरीत करा. उन्हाळ्यात भाज्या कडाडल्या की घरून आणलेले बिबडे, कुरडया आणि डाळीचे फुनके कामी येतात. सकाळी सातच्या ड्यूटीआधी चहा-बिस्किटावर निघू नका. वॉर्डात अकरापर्यंत चक्कर येते आणि मग कँटीनमध्ये तीस-चाळीस रुपये जातातच. रात्रीची भाकरी कुस्करून दह्यात, वर शेंगदाण्याची चटणी, हे पोटभर होतं.

गॅसला पाच किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो. इंडक्शन घेणार असाल तर आधी घरमालकाला विचारा. दोन हजार वॅटची शेगडी तासाला दोन युनिट खाते आणि जुन्या वायरिंगवर बोर्ड जळतो. दुरुस्ती मग अनामतीतून कापली जाते.

एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळीचे महिना सहा हजार देतात. बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे, सुया-सलाईन येतं. जाऊ का?
— एक विद्यार्थी, चोपडा

नको. नर्सिंग परिषदेची नोंदणी नसताना रुग्णाला सलाईन लावायची, आणि काही बिघडलं तर दवाखाना म्हणणार, 'आमच्याकडे तो कामालाच नव्हता.' दुसरं, हजेरी. नर्सिंगला परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडायच्या आधी प्रत्यक्ष पोस्टिंगची हजेरी शंभर टक्के भरून द्यावी लागते. रात्रभर जागून सकाळची पोस्टिंग बुडवली की ते दिवस शेवटी एकगठ्ठा भरावे लागतात. तेव्हा मित्र नोकरीला लागलेले असतात आणि तुमचं खोलीभाडं आणि मेस मात्र चालूच. सहा हजारांचा हिशेब तिथेच उलटतो.

कमवायचंच असेल तर दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घ्या, किंवा मेडिकल स्टोअरवर संध्याकाळी बिलिंगला बसा. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस (पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा) झाले नसतील तर यंदाच्या बजेटात तो खर्च पहिला लिहा. सुई टोचण्याची भीती कॉलेजच्या पोस्टिंगमध्येही तेवढीच असते.

अमळनेरहून जळगावला रोज ये-जा करते. अर्धं तिकीट की पास?
— बी.एस्सी. विद्यार्थिनी

एसटीचा विद्यार्थी पास म्हणजे ढोबळ मानाने दहा दिवसांच्या जाण्या-येण्याच्या पूर्ण भाड्यात महिनाभर प्रवास. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून महिन्यात वीस दिवसांपेक्षा जास्त ये-जा होत असेल तर पास स्वस्त, कमी असेल तर अर्धं तिकीट. परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या महिन्यात पास काढू नका.

पण तुमच्या दाराशी सुरत-भुसावळ लाईन आहे. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा रेल्वे पास मोफत मिळतो. कॉलेजचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. इव्हिनिंग पोस्टिंग लागेल त्या महिन्यात परतीची गाडी आधी पाहून ठेवा, नाहीतर मोफत पास खिशात आणि रिक्षाला दोनशे.

दुसऱ्या वर्षाला आले. गणवेश, पुस्तकं झाली. अजून अचानक काय निघतं?
— जीएनएम विद्यार्थिनी, शिरपूर

मानसोपचाराची पोस्टिंग. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. खानदेशातल्या बऱ्याच कॉलेजांना मुलींना तिकडे न्यावं लागतं. प्रवास, राहणं, जेवण तुमच्याकडून घेतात आणि इकडच्या खोलीचं भाडं थांबत नाही. पोस्टिंगचा महिना कॉलेजच्या मास्टर प्लॅनमध्ये लिहिलेला असतो, तो आजच विचारा. त्या महिन्याची इकडची मेस बंद ठेवायचं मेसवाल्या काकूंना आठ दिवस आधी लिहून द्या. बहुतेक जणी हे विसरतात आणि दोन ठिकाणी जेवणाचे पैसे भरतात.

पुस्तकं सीनियरकडून घेत असाल तर एक जपा: बी.एस्सी.चा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून सेमिस्टरचा झाला. बी.एस्सी.वाल्यांची जुनी लॉगबुकं तुम्हाला कुणी फुकट दिली तरी जीएनएमला चालत नाहीत. बीपीचं यंत्र घेतलं नसेल तर तसंच राहू द्या, वॉर्डात असतं. बुटांवर मात्र दोनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या, आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ चालू आहे ना ते पाहा. मोबाईलवर नाडी मोजू देत नाहीत.