मत्तयाच्या शुभवर्तमानाची ज्यू मुळं अभ्यासून आजच्या विश्वासणाऱ्याला काय मिळतं?

तुमच्या मंडळीत मत्तयाचा अभ्यास चालू आहे, शिकवणारे सारखे जुन्या करारात आणि ज्यू चालीरीतींत शिरतात, आणि तुम्ही विचारताय की आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नसून कृपेखाली आहोत, तर या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय?

मी आमच्या मंडळीत शास्त्राभ्यासाचा वर्ग घेतो. तिथेही हा प्रश्न येतो. माझं उत्तर असं की उपयोग आहे, आणि तो नुसती माहिती वाढण्यापुरता नाही. ही मुळं बाजूला ठेवून मत्तय वाचला की त्यातले कडक शब्द आपण ‘त्या ज्यूंवर’ ढकलून मोकळे होतो. मुळांसकट वाचला की तेच शब्द आपल्या अंगावर येतात.

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो. नवव्या अध्यायात 12 वर्षं रक्तस्रावाने पीडलेली बाई मागून येऊन येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते. हा गोंडा शोभेचा नाही. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात देव इस्राएलाला सांगतो की वस्त्राच्या टोकांना गोंडे लावा, त्यात निळा दोरा घाला, आणि ते नजरेस पडले की माझ्या आज्ञा आठवा. म्हणजे येशूचा पेहराव नियमशास्त्र पाळणाऱ्या ज्यू माणसाचा होता. चौदाव्या अध्यायात गनेसरेतचे लोक याच गोंड्याला शिवू द्या म्हणून विनवतात. पुढे तेविसाव्यात येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या ज्यू धर्मशिक्षकांना, झोडपतो, तेव्हा गोंडे लावण्याला त्याची हरकत नाही. लोकांनी बघावं म्हणून ते मोठे करण्याला आहे. आज्ञा आठवायची खूण मिरवायची वस्तू झाली, यावर तो चिडलाय. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो, ते मोशेच्या आसनावर बसलेत, ते सांगतात ते करा, पण ते वागतात तसं वागू नका. हे समजल्यावर परूशी कोणीतरी लांबचा उरत नाही. चर्चला दिलेल्या पंख्यावर स्वतःचं नाव रंगवून घेणारा, प्रार्थना लांबवणारा, वर्ग घेणारा मी, सगळे त्या अध्यायात सापडतात.

हे गोंडे बघायला इस्राएलला जावं लागत नाही. ठाणे, अलिबागच्या सिनेगॉगमध्ये आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू पुरुष प्रार्थनेच्या वेळी जी शाल पांघरतात, तिच्या चारही टोकांना ते असतात. गणनातला तोच उतारा ज्यू लोक आजही रोजच्या प्रार्थनेत म्हणतात.

दुसरी जागा जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याच्या वचनाची: मला यज्ञ नको, दया हवी. चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयात येशू हे वचन उच्चारतो, तेही दोनदा. एकदा जकातदारांच्या पंक्तीला बसल्यावर, एकदा शिष्यांनी शब्बाथाच्या, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या, दिवशी कणसं मोडल्यावर. आता याच्या शेजारी एक ज्यू कथा ठेवा. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर जमीनदोस्त केलं. त्या अवशेषांकडे पाहून एक शिष्य रडू लागला, आता पापांचं प्रायश्चित्त कुठे करायचं? त्याचे गुरू योहानान बेन झक्काई यांनी समजूत घातली की आपल्याकडे तितकंच मोलाचं दुसरं प्रायश्चित्त आहे, दयेची कृत्यं. आणि आधाराला होशेयचं हेच वचन दिलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते मत्तय याच विध्वंसानंतरच्या काळात लिहिला गेला. मंदिर गेलं, आता देवाची सेवा कशी करायची, हा प्रश्न दोन्हीकडे होता आणि दोघांनीही एकाच संदेष्ट्याचं पान उघडलं. मला हे फार मोलाचं वाटतं. मत्तयातला वाद एकाच घरातल्या भावंडांचा आहे. शब्द जहाल आहेत, कारण वारसा एकच आहे.

हे विसरल्यामुळे काय झालं तेही सांगायलाच हवं. सत्ताविसाव्या अध्यायात पिलातासमोरचा जमाव ओरडतो, त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. या एका ओळीच्या आधारावर युरोपात शेकडो वर्षं ज्यूंना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवलं गेलं, छळलं गेलं, मारलं गेलं. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 1965 साली स्पष्ट म्हटलं की ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येणार नाही. उत्तम शुक्रवारच्या संदेशात किंवा संडे स्कूलच्या नाटकात आपण आजही ‘ज्यूंनी येशूला मारलं’ असं सहज बोलून जातो. मुलांच्या कानावर ते पडतं. येशू, मरिया, बाराही प्रेषित ज्यू होते, हे त्याच मुलांना कोणी सांगत नाही.

मात्र याच्या दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. काही ठिकाणी विश्वासणाऱ्यांना सांगतात की खरं ख्रिस्तीपण हवं असेल तर ज्यू सण पाळा, शिंग फुंका, अमुक खाऊ नका. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमच्या सभेने काही मोजक्या गोष्टी सोडल्या तर परराष्ट्रीयांवर, म्हणजे ज्यू नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर, नियमशास्त्राचं ओझं टाकायचं नाही असं ठरवलेलं आहे. शिवाय आजच्या ज्यू वल्हांडणातले अनेक विधी मंदिर पडल्यानंतर आकाराला आले, त्यामुळे ते जसेच्या तसे प्रभूच्या शेवटच्या भोजनात शोधणं बरोबर नाही. मिश्ना, म्हणजे ज्यू रब्बींच्या तोंडी परंपरेचा संग्रह, तोही संकलित झाला साधारण इ.स. 200 च्या सुमारास. ‘येशूच्या काळी ज्यू असं करायचे’ असं कोणी ठासून सांगितलं की आधार विचारावा.

सुरुवात करायची असेल तर मत्तयाचा चौथा अध्याय घ्या. त्याआधी जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचे 6 ते 8 अध्याय सलग वाचा. सैतानाला दिलेली येशूची तिन्ही उत्तरं तिथलीच आहेत. इस्राएल 40 वर्षं रानात जिथे जिथे अडखळला, तिथे येशू 40 दिवसांच्या उपासानंतर कसा टिकतो, हे शिकवणाऱ्याच्या मदतीशिवायही दिसेल. मग डोंगरावरच्या प्रवचनाकडे वळा, आणि पवित्र शास्त्राच्या तळटीपेत दिलेला जुन्या करारातला प्रत्येक संदर्भ उघडून बघा. वेळ लागतो, आमच्या वर्गात एकेका अध्यायाला कित्येक आठवडे जातात.