नवीन प्रॅक्टिस सुरू करताय, तर एक-दोन गोष्टी सांगतो

हे बघ, पुस्तकात एथिक्स वाचलेलं असतंच, पण खरा कस लागतो तो वेटिंग रूम भरलेली असताना. व्हायरल सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक लागत नाही हे तुलाही माहितीये, तरी पेशंट म्हणतो "डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या", आणि लिहून द्यायला दहा सेकंद लागतात, समजावायला पाच मिनिटं. ती पाच मिनिटं दे. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो हे आधीच सांगून ठेव, आणि धाप लागली, ताप उतरून परत चढला तर लगेच ये म्हणावं, म्हणजे नुसतं हात हलवत पाठवल्यासारखं वाटत नाही.

खोटं सिक सर्टिफिकेट, पेशंट पाठवल्याबद्दल लॅबकडून मिळणारं कमिशन, याला पहिल्याच दिवशी नाही म्हण, नंतर जड जातं.

सगळ्यात अवघड म्हणजे अख्खं घर तुझंच पेशंट असणं. नवरा सहज विचारतो, "काल ही आली होती ना, काय झालंय?" चेहरा साधा ठेवायचा आणि म्हणायचं, "तिलाच विचारा, तुमच्याबद्दलही मी कुणाला सांगत नाही." रागावतात थोडे (रागावू देत!), पण पुढे स्वतःचं काही लपवायचं असलं की तुझ्याचकडे येतात.